गजभियेजींच्या बाटलीतली हवा

माणसाची थोरवी त्याने आयुष्यात काय जमवलं यावर ठरत नाही; त्याने काय काढून टाकलं यावर ठरते. कुणी राग काढून टाकतो, कुणी लोभ, कुणी मीपण. आमचे गजभियेजी तीन वर्षं एका बाटलीतली हवा काढून टाकायच्या प्रयत्नात होते.

बाटली तशी रिकामीच होती. तिला आणखी रिकामी करायचं होतं. हे मला समजायला बरेच दिवस लागले, आणि आमच्या गल्लीला तर ते कधी समजलंच नाही.

आमची गल्ली समता कॉलोनीच्या मागच्या अंगाला. रायपूर राजधानी झालं तेव्हा राजधानीच्या गावाला जे जे होतं, ते ते आम्हालाही झालं. एकमजली घरांवर दुसरा मजला चढला, दुसऱ्या मजल्यावर कुठल्यातरी खात्याचे साहेब भाड्याने आले, आणि साहेबांच्या नावाची पाटी फाटकापेक्षा मोठी झाली. गल्लीची स्वतःची बोअर होती, स्वतःची टाकी होती आणि तिच्यावर देखरेख करायला एक कल्याण समिती होती. समितीचे सेक्रेटरी मिश्राजी. राजधानी झाल्यावर मिश्राजींच्या भाषणात ‘प्रदेश की जनता’ हा शब्द आला. त्याआधी ते आम्हाला ‘भाइयो’ म्हणत. टाकी मात्र होती तेवढीच राहिली. सकाळी एक तास पाणी सुटे, ते मिश्राजींच्या घरापासून निघून गल्लीभर वाटलं जात जात शेवटच्या घरी पोचे. शेवटचं घर गजभियेजींचं. पोचे म्हणजे, आलंय असं कळे.

गजभियेजींचे वडील भंडाऱ्याकडून आलेले, गुढियारीच्या मालधक्क्यावर पोती उचलायचे. मुलाने रसायनशास्त्र घेतलं आणि एका प्लांटच्या प्रयोगशाळेत लागला. तीस वर्षं त्यांनी कोळसा तपासला. ओलावा किती, राख किती, तापवल्यावर उडून जाणारं किती, आणि शेवटी खरोखर जळणारं किती. निवृत्त होऊन गल्लीत राहायला आले तेव्हा सगळे त्यांना ‘केमिस्ट साहब’ म्हणू लागले, आणि केमिस्ट म्हटल्यावर तापाची गोळी मागायला येऊ लागले. गजभियेजींनी सुरुवातीला चार-दोन जणांना समजावून सांगितलं. मग तापाच्या गोळ्यांचं एक पाकीटच घरात आणून ठेवलं.

“समजावण्यापेक्षा हे सोपं पडते,” ते म्हणाले. “अन् रिझल्ट चांगला आहे. कोणाचा ताप परत नाही आला.”

तपासायची सवय मात्र सुटली नाही. चहा ‘पास’, लग्नातली भाजी ‘फेल’. राज्योत्सवात एकदा आम्ही दोघं मैदानात भाषण ऐकायला उभे होतो. अर्धा तास झाला तरी वक्ते मुद्द्याच्या आसपासही फिरकले नव्हते. गजभियेजी कोळशाचा ढिगारा पाहावा तसे मंचाकडे पाहत होते.

“काय म्हणता?” मी विचारलं.

“ओलावा बराच. राख त्याच्याहून जास्त.”

“आणि बाकीचं?”

“उडून जाणारं,” ते म्हणाले, आणि आम्ही भजी खायला गेलो.

हे असं सगळं चाललं असताना त्यांनी मागच्या न्हाणीघरात प्रयोगशाळा काढली. घरात दोन न्हाणीघरं होती, त्यातलं एक पुष्पाताईंनी दिलं. पुष्पाताई म्हणजे त्यांची बायको. “घ्या,” त्या म्हणाल्या, “पण पुढच्या बाथरूममधी एक बाटली जरी दिसली, तर मी तुमची हवा काढीन.”

मी गजभियेजींना कारण विचारलं.

“काळेजी, तीस वर्षं मी लोकांनी बनवलेलं तपासून राहिलो होतो. पास, फेल, पास, फेल. स्वतः काही बनवलं नाही न. एक गोष्ट बनवून पाहतो. एकच.”

ती एक गोष्ट म्हणजे नीळ. पानापासून काढलेली खरी नीळ. गुढियारीतल्या विहारावर दर जयंतीला नवा निळा झेंडा चढे, लहानपणापासून ते पाहत आले होते. बाजारचं चकचकीत कापड. रायपूरच्या उन्हात दोन महिन्यांत त्याचा रंग उतरे आणि पावसाळ्यात तो राखेसारखा दिसे. राख हा गजभियेजींचा विषय असल्यामुळे त्यांना ते जास्त लागे. विहारातल्या मंडळींना त्यांनी सांगून टाकलं होतं, की एका जयंतीला झेंडा माझ्या हातच्या निळीचा असेल, सुती कापडावर, आणि तो उतरणार नाही.

हातच्या, हा शब्द महत्त्वाचा होता. त्याच वर्षी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट आपोआप एकमेकांवर घासू लागले होते. चिमटीत मीठ धरून माणूस बसलाय असं वाटे. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे वाढत जातं हेही सांगितलं. ज्या माणसाचा हात काचेच्या नळीतून एकेक थेंब मोजून सोडायचा, त्याला आता कप बशीवर ठेवताना आवाज होई. ते त्याबद्दल बोलत नसत. एकदाच बोलले.

“गंमत पाहा. अंगात वात घुसला, तो निघत नाही. बाटलीत निर्वात पाहिजे, तो होत नाही.”

मी हसलो. मग हसायला नको होतं असं वाटलं, पण तेच हसत होते.

निळीची झाडं त्यांनी परसात लावली. पावसाळ्यानंतर पानं ड्रममध्ये कुजवली. त्या आठवड्यात गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या गटारी तपासून घेतल्या. मग ते पाणी निथळून घेऊन त्यात चुना घातला, काठीने घुसळलं, आणि हिरवट पाणी डोळ्यांदेखत निळं झालं. मी तिथे होतो. साठीच्या पुढचा माणूस ड्रमात वाकून ओरडत होता, “पुष्पा! ये न इकडे! पाहून घे!” पुष्पाताई आल्या, पाहिलं, म्हणाल्या, “हव, निळं आहे,” आणि गेल्या. दारात वळून मात्र त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं.

तळाशी बसलेला निळा गाळ बरण्यांत भरला गेला. आणि तिथे सगळं अडलं. तो गाळ गाळायचा होता, धुवायचा होता, पुन्हा गाळायचा, त्यातला चुना निघेपर्यंत. कण इतके बारीक की फडक्यातून सरळ आरपार जात. गाळणकागदावर घेतले तर कागदाची सगळी छिद्रं बुजवून बसत, आणि वरचं पाणी दिवसभर वरच.

“चक्क्यासारखं टांगून द्या न रातभर,” पुष्पाताईंनी सुचवलं.

“फडक्यातून निळं निघून जाईन.”

“मंग दोन फडके घ्या.”

“पुष्पा, हे श्रीखंड नाही.”

“श्रीखंड असतं तर बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या. “कोणी खाल्लं तरी असतं.”

उपाय गजभियेजींना माहीत होता. जाड काचेची बाटली, तिला एका बाजूला कान. वर बुचात चिनी मातीचं भोकांचं गाळणं, त्यावर कागद. कानातून बाटलीतली हवा ओढून घेतली की वरचं पाणी कागदातून झपाझप खाली खेचलं जातं. प्रश्न एवढाच, की हवा ओढणार कोण.

त्यांनी मला निवडीची तत्त्वं समजावून सांगितली. “चार गोष्टी पाहायच्या. किती जोरानं ओढते, किती वेळ ओढते, ओलं चालते का, अन् पुष्पाला चालते का.”

शहरात कॉलेजांना सामान पुरवणारं एक दुकान होतं. तिथे तेलावर चालणारा पंप होता, काचेच्या कपाटात, देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा. दुकानदाराने विचारलं, “कौन से विभाग के लिए?” गजभियेजी म्हणाले, “घर के लिए.” दुकानदाराने पुन्हा विचारलं, “मतलब, विभाग?” नव्या राजधानीत विभाग नसलेला माणूस त्याने बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा. पण पंप नाकारला तो गजभियेजींनीच. तेलाचा पंप ओलं पीत नाही, आत वाफ गेली की तेलाचा चिखल होतो, आणि माझं तर सगळं काम ओलं, म्हणाले. बाहेर आल्यावर कपाटाकडे वळून पाहत म्हणाले, “पण माल पास आहे.”

मग त्यांनी काचेचा एक छोटा फुंकणीसारखा तुकडा आणला. तो नळाला जोडायचा; नळाचं पाणी त्यातून जोरात गेलं की जाता जाता बाजूची हवा सोबत घेऊन जातं. न आवाज, न तेल, न वीज. गजभियेजींच्या मते मानवी बुद्धीची कमाल. त्याला फक्त एक गोष्ट लागते, ती म्हणजे नळाला पाणी.

गल्लीतल्या शेवटच्या नळाने त्या फुंकणीतून दोन थेंब टाकले. तेव्हा गजभियेजींनी ती गच्चीवरच्या टाकीखाली जोडली. उंची कमी होती, पण हवा थोडी ओढली जाऊ लागली, गाळण्यातून निळं पाणी टपटपू लागलं, आणि ते इतके रमले की टाकी रिकामी होते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते पुष्पाताईंच्या ध्यानात आलं, कारण त्या पुढच्या न्हाणीघरात डोक्याला शिकेकाई लावून बसल्या होत्या.

मी फाटकात होतो. आतून आवाज आला, “अहो! पाणी काहून गेलं?”

गजभियेजी माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “चौथी गोष्ट.”

त्यांना आमच्या घरून दोन बादल्या पाणी गेलं. फुंकणी कागदात गुंडाळून कपाटात गेली.

त्यानंतर आम्ही गुढियारीला कबाड्याकडे गेलो. फ्रिज थंड करणारा मागचा काळा गोळा उलटा जोडला तर हवा ओढतो, असं कुठेसं त्यांनी वाचलं होतं. कबाडी म्हातारा, गजभियेजींच्या वडिलांना ओळखणारा. त्याने विचारलं, “ठंडा करना है क्या, भैया?”

“नहीं चाचा. हवा खींचना है.”

“तो पंखा ले जाओ. पंखा भी है.”

“बोतल के अंदर से खींचना है.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर त्याला काही मदत मिळाली नाही. त्याने गोळा दिला. तो न्हाणीघरात एक दिवस उत्तम चालला. दुसऱ्या दिवशी ओल पिऊन त्याने तेल ओकायला सुरुवात केली. ते तेल दुसऱ्या टोकाच्या नळीतून खिडकीबाहेर, अगदी बारीक तुषारांनी, पुष्पाताईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडत राहिलं. तिसऱ्या दिवशी गोळा अडकून कायमचा गप्प झाला. पापड आधीच तेल लावून तयार आहेत असं गजभियेजी म्हणाले म्हणतात. पुष्पाताईंनी त्यावर काय म्हटलं ते मला दोघांनीही सांगितलं नाही.

शेवटी उरला सायकलचा पंप. चौकातल्या सायकलवाल्याने त्यातलं चामड्याचं वायसर उलटं बसवून दिलं, म्हणजे दट्ट्या ओढला की हवा भरण्याऐवजी निघते. “साब, सब लोग हवा भरवाने आते हैं,” तो म्हणाला. “निकलवाने वाले आप पहले हो.” हा पंप मात्र खरंच चालला. ओलं त्याला चालत होतं, आवाज नव्हता, जोर होता. पण तो सतत ओढत राहावा लागे, आणि दोन-चार दट्ट्यांनंतर गजभियेजींचा हात असा काही हलू लागे की बाटली, गाळणं, टेबल, सगळंच हलू लागे.

एका दुपारी गेलो तर पुष्पाताई पदर खोचून पंप ओढत होत्या आणि गजभियेजी बरणीतून निळं ओतत होते.

“हळू टाका न.”

“हळूच टाकून राहिलो.”

“हे हळू आहे? अर्धं माझ्या पायावर आलं.”

“तू पंप हलवून राहिली, म्हणून.”

पुष्पाताईंनी पंप थांबवला. तरी बरणीचं तोंड गाळण्याच्या काठावर टकटक वाजतच राहिलं. दोघांनीही त्या आवाजाकडे पाहिलं. मग त्या पुन्हा पंप ओढू लागल्या, आधीपेक्षा जास्त आवाज करत, आणि म्हणाल्या, “मीच हलवून राहिली. टाका.”

तेवढ्यात मला घरी काहीतरी काम आठवलं.

पुढच्या दोन वर्षांचा गाळही असाच बरण्यांत पडून राहिला. फेब्रुवारीत डॉक्टरांनी गोळी वाढवली. गजभियेजी आता सही करताना डावा हात उजव्यावर दाबून धरत. ते हिशेब मांडत नव्हते, पण आम्हा सगळ्यांना तो दिसत होता. पुढच्या पावसाळ्यात पानं खुडायला, कुजवायला, ओतायला हे हात नसणार. झेंडा व्हायचा तर या जयंतीला, नाहीतर नाही.

आणि मार्चमध्ये व्हॅक्यूम स्वतः चालत घरी आला.

झालं असं की आमच्या गल्लीत पाण्याच्या लाइनीला थेट पंप लावायला सक्त मनाई होती. समितीने तसा ठराव केला होता. त्यामुळे कुणाकडेही टुल्लू पंप नव्हता. सकाळी पाणी सुटलं की घरोघरी जो घर्रर्र आवाज येई, तो बहुधा भक्तीचा असावा. उन्हाळा लागला, पाणी घटलं, आणि वरच्या मजल्यावरच्या एका साहेबांनी जो पंप त्यांच्याकडे नव्हता तो काढून दुप्पट ताकदीचा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाताईंनी शेवटच्या घराचा नळ उघडला. पाणी आलं नाही. सूंऽऽ असा आवाज आला. त्यांनी तोटीला बोट लावलं, तर बोट चिकटलं.

“अहो,” त्या ओरडल्या, “नळ मले ओढून राहिला!”

गजभियेजी धावत आले. ओला तळवा लावून पाहिला. मग एक लांब पारदर्शक नळी तोटीला लावून तिचं दुसरं टोक बादलीत सोडलं, आणि बादलीतलं पाणी नळीतून वर वर चढू लागलं, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, खांद्याच्याही वर. मी गेलो तेव्हा ते स्टुलावर उभे राहून त्या पाण्याकडे पाहत होते.

“काळेजी,” ते म्हणाले, “सगळी गल्ली मिळून माझ्यासाठी हवा ओढून राहिली. अन् मी तीन वर्षं बाहेर शोधून राहिलो होतो.”

किती जोराने ओढतं, ते दिसतच होतं. किती वेळ, तर पूर्ण तासभर. ओलं चालत होतं, पाण्याचीच लाइन ती. आणि पुष्पाताईंना चालत होतं, कारण नळाला तसंही काही येत नव्हतं. चारही परीक्षांत पास झालेला हा पहिलाच उमेदवार. त्या दिवसापासून गजभियेजी वरच्या मजल्यावरच्या साहेबांना रस्त्यात दिसले की नमस्कार करू लागले. साहेबांना वाटलं, नव्या हुद्द्याची बातमी पसरली. “यांची बदली जयंतीच्या आधी नको व्हायला,” गजभियेजी मला काळजीने म्हणाले.

त्यांनी घाई केली नाही. बाटली आणि नळ यांच्यामध्ये आणखी एक रिकामी बाटली बसवली, चुकून काही ओढलं गेलंच तर तिथे अडकावं म्हणून. आठ-दहा दिवस रोज सकाळी तासभर नीळ गाळली, धुतली, पुन्हा गाळली. पाणी भरायच्या वेळी गल्ली घर्रर्र करी आणि शेवटच्या न्हाणीघरात कागदावर निळा थर चढत जाई. खालून निघणारं पाणी आधी पिवळं होतं, मग फिकं, मग स्वच्छ. सगळ्या बरण्या संपल्या. तीन वर्षांची नीळ त्या एका गाळण्यात आली, तळहाताएवढी, ओल्या मातीसारखी, आणि कडेला जिथे वाळली होती तिथे तांब्यासारखी चमकणारी.

“उद्या शेवटचं धुणं,” ते म्हणाले. “मंग वाळवतो. जयंतीला अजून वेळ आहे.”

दुसऱ्या दिवशी पाणी सुटलेलं असताना लाइट गेली. आमचं राज्य विजेने किती समृद्ध आहे हे आम्ही रोज ऐकत असू, त्यामुळे लाइट गेली की लोक आश्चर्याने घराबाहेर येत. मीही आलो आणि सवयीने शेवटच्या घराकडे वळलो.

गल्लीतले सगळे पंप एकदम थांबले होते. ओढणारं कुणीच उरलं नाही, तेव्हा टाकीचं पाणी, बिचारं, जसं यायला हवं तसं सगळीकडे सारखं आलं. शेवटच्या घरीही आलं. महिनाभराने पहिल्यांदाच. ते नळातून नळीत आलं, मधल्या बाटलीतून पुढच्या बाटलीत, आणि बाटली भरून खालून वर गाळण्यात. कागद उचलला गेला. निळीचा थर विरघळल्यासारखा पाण्यात उठला. मी न्हाणीघराच्या दारात पोचलो तेव्हा गाळणं काठोकाठ निळं होतं आणि गजभियेजी नळाची चावी बंद करत होते. म्हणजे दोन्ही हात चावीवर होते. बोटं तिच्यावर नुसती थरथरत होती, चावीचा दांडा धरत नव्हती. ते वाकून बोटांकडे पाहत होते, दुसऱ्या कुणाच्या हाताकडे पाहावं तसे.

“पुष्पा,” ते म्हणाले. ओरडले नाहीत.

पुष्पाताई कणकेच्या हातांनी धावत आल्या. मी पुढे झालो. आणि लाइट आली.

घर्रर्र. गल्लीतले सगळे पंप एकदम सुरू झाले. गाळण्यातलं निळं खाली गेलं, बाटलीतलं मधल्या बाटलीत, मधल्या बाटलीतलं नळीत, नळीतलं नळात. पुष्पाताईंनी चावी फिरवली तेव्हा नळीत टीचभर निळं उरलं होतं. तेही सावकाश खाली घसरलं.

गजभियेजी गाळण्याच्या पांढऱ्या भोकांकडे पाहत राहिले.

“व्हॅक्यूम पास,” शेवटी ते म्हणाले, आणि स्टुलावर बसले.

पुष्पाताई कणकेचे हात तसेच धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “चहा ठेवते,” पण गेल्या नाहीत.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या टाक्यांत निळं पाणी निघालं. रात्री समितीची तातडीची सभा बसली. मिश्राजी उभे राहिले. प्रदेश की जनता के स्वास्थ्य के साथ खिलवाड़ झाली होती. जयंती तोंडावर असताना पाणी निळंच कसं झालं, हिरवं का नाही झालं, हाही प्रश्न त्यांनी कुणाकडे न पाहता विचारला. मागून कुणीतरी म्हणालं, “जानबूझ के किया है.” पुष्पाताईंनी मागे वळून पाहिलं, तेव्हा ते कुणीतरी खोकलं.

गजभियेजी उठले. डावा हात उजव्यावर दाबून धरलेला.

“नील मेरी है,” ते म्हणाले. “पत्तों की है, ज़हर नहीं है. मेरे नल से गई.”

“आपके नल से?” मिश्राजी गरजले. “नल से पानी आता है, गजभियेजी. जाता नहीं. हमारी टंकी में पहुँची कैसे?”

“खींची गई, इसलिए पहुँची,” गजभियेजी शांतपणे म्हणाले. प्रयोगशाळेत नव्या माणसाला सांगावं तसं. “जिसका पंप जितना बड़ा, उसकी टंकी उतनी नीली. आप हर टंकी का नमूना दे दो, मैं बता दूँगा किसके यहाँ कितने हॉर्सपावर का है.”

वरच्या मजल्यावरच्या साहेबांच्या टाकीत शाईसारखं पाणी होतं. मिश्राजींच्या टाकीत गर्द. आमच्या टाकीत फिकट. माझ्याकडे नसलेला पंप अर्ध्या हॉर्सपावरचा होता.

बराच विचारविनिमय झाला आणि ठराव एकमताने मंजूर झाला. कॉलोनीत कुणाकडेही टुल्लू पंप नाही. पंपाशिवाय निळं पाणी टाक्यांत चढणं शक्य नाही. सबब, निळं पाणी आलेलंच नाही. गजभियेजींनीही हात वर केला. तो वर राहताना फार हलत होता, म्हणून मोजणाऱ्याने त्यांना दोनदा मोजलं.

पुढे पावसाळ्यात त्यांचा मुलगा दोघांना नागपूरला घेऊन गेला. परसातली झाडं पुन्हा फुटली होती, पण ती तिथेच राहिली. मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं, ते जयंतीच्या सकाळी.

दोघं गल्लीच्या तोंडाशी गुढियारीला जायला ऑटोची वाट पाहत होते. झेंडा बाजारातूनच आणला होता, चकचकीत कापडाचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. गजभियेजींनी तो काखेत धरला होता. मी सोबत उभा राहिलो. तेवढ्यात मिश्राजी घरातून बाहेर आले. त्यांना कुठल्याशा चौकात पुतळ्याला हार घालून समरसतेवर बोलायचं होतं. अंगात झब्बा-पायजमा, इतका पांढरा की सकाळच्या उन्हात त्याच्याकडे पाहवेना.

आधी पुष्पाताईंच्या लक्षात आलं. “भैया,” त्या म्हणाल्या, “आज कपडे तो बहुत चमक रहे.”

मिश्राजी प्रसन्न झाले. “साबुन वही है, दीदी. मन साफ़ हो तो कपड़ों में अपने आप दिखता है.”

गजभियेजी एक पाऊल पुढे झाले. मिश्राजींच्या कॉलरजवळ चेहरा नेऊन त्यांनी तो पांढरेपणा पाहिला, मग बाहीचा काठ पाहिला. मिश्राजी आधी ऐटीत उभे होते, मग जरा अवघडले. ऑटो आला. पुष्पाताईंनी त्यांचा पाय उचलून आत ठेवला, झेंडा मांडीवर आडवा दिला, आणि ऑटो गुढियारीच्या दिशेला वळला.

त्या पंधरवड्यात आमच्या गल्लीत सगळ्यांचेच पांढरे कपडे फार स्वच्छ निघाले. माझे बनियानसुद्धा.